अलकनंदा आपली; दुर्बीण कधी आपली होणार?

हैदराबाद येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून उड्डाणांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एक जाहीर सूचना निघते. पातळ पॉलिथिनचे, ५० ते ८५ मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले फुगे वैज्ञानिक उपकरणे घेऊन ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जाणार आहेत. काही तासांनी ही उपकरणे रंगीत पॅराशूटला लटकून खाली येतील. ती शेतात वा रानात आढळल्यास कोणीही हात लावू नये, उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. कळवणाऱ्यास उचित बक्षीस मिळेल, असा तिचा आशय असतो. उपकरणे जेथे उतरू शकतात अशा जिल्ह्यांची यादीही सोबत दिलेली असते. त्या यादीत सोलापूरचे नाव असते.

ही सूचना वाचणाऱ्या सोलापूरकराला हवामान खात्याचा एखादा प्रयोग असावा, एवढेच बहुधा वाटत असेल. परंतु या केंद्रातून १९८० च्या दशकापासून जी उपकरणे आकाशात गेली, त्यांत एक मीटर व्यासाची एक दुर्बीणही होती आणि तिचे काम होते नव्या ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा वेध घेणे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ती पाहत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या अंतराळ विज्ञान संस्थेच्या सहकार्याने तिच्यावर वर्णपटमापक बसवला गेला आणि तारे जेथे घडत असतात तेथील वायूचा वर्णपट भारतीय आकाशातून टिपला गेला. भारतीय शास्त्रज्ञांनी उभारलेली दुर्बीण दख्खनच्या पठारावरून, वातावरणाच्या जवळजवळ माथ्यावर जाऊन हे काम करीत होती, ही गोष्ट महाराष्ट्रातील किती सुशिक्षित कुटुंबांना ठाऊक आहे?

हा प्रश्न आज विचारण्याला निमित्त आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय खगोल भौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर या दोघांनी विश्वाच्या बाल्यावस्थेतील एक सुघड सर्पिल दीर्घिका शोधल्याचे जाहीर झाले. तिला त्यांनी 'अलकनंदा' हे नाव दिले. वृत्तपत्रांनी बातमी दिली, अभिनंदन झाले, अभिमान वाटला. आणि तो रास्तच आहे. मात्र ज्या दुर्बिणीतून ती दीर्घिका दिसली, ती जेम्स वेब अवकाश दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडा यांची आहे. शोध आपला, नाव आपले, बुद्धी आपली, यंत्र परक्याचे. या अभिमानाच्या प्रसंगीच या उणिवेचा शांतपणे विचार व्हायला हवा.

उष्णतेचा उजेड

अवरक्त प्रकाश म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, सूर्य मावळतो आणि तरीही घराच्या पश्चिमेकडील भिंतीजवळ उभे राहिले की चेहऱ्याला धग लागते. भिंत अंधारात असते, ती दिसत नाही. पण ती प्रकाशतच असते. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्वचेला जाणवतो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पसरलेल्या सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते तेथे तापमापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तांबड्याच्या पलीकडचा हा अदृश्य उजेड म्हणजेच अवरक्त.

तारे जन्माला येतात ते थंड वायू आणि धूळ यांच्या प्रचंड मेघांत. मेघाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाने आकसत जातो, गाभा तापतो आणि एके काळी तेथे अणूंचे मीलन सुरू होऊन तारा पेटतो. पण ही सारी घटना धुळीच्या पडद्याआड घडते. नवजात ताऱ्याचा निळा-जांभळा, अतिनील प्रकाश ही धूळ शोषून घेते, स्वतः कोमट होते आणि ती ऊर्जा अवरक्त प्रकाशाच्या रूपाने परत टाकते. उन्हाने तापलेली भिंत रात्री जे करते, तेच. विश्वातील सर्व ताऱ्यांनी आजवर जेवढा प्रकाश दिला, त्यापैकी साधारण निम्मा अशा रीतीने धुळीत मुरून अवरक्तात रूपांतरित झाला आहे. जो केवळ डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात पाहील, त्याच्या नजरेतून ताऱ्यांच्या जन्माची निम्मी कथा निसटेल.

हा अवरक्त प्रकाश जमिनीवरून पाहणे मात्र कठीण. हवेतील बाष्प त्याचा मोठा भाग गिळून टाकते, आणि दुर्बीण स्वतःच कोमट असल्यामुळे तीही अवरक्तात चमकत असते. भर उन्हात पणती शोधावी, तशी ती अवस्था. म्हणून एकतर दुर्बीण फुग्याला बांधून बाष्पाच्या वर न्यावी लागते, किंवा अवकाशात सोडून अतिशय थंड ठेवावी लागते. १९८३ मध्ये 'आयरस' या उपग्रहाने द्रव हेलियमच्या साहाय्याने थंड ठेवलेल्या दुर्बिणीतून आकाश न्याहाळले आणि आपली जवळजवळ सारी ऊर्जा अवरक्तातच टाकणाऱ्या दीर्घिका असतात, हे जगाला कळले. पुढे युरोपचा 'आयसो' १९९५ मध्ये, अमेरिकेची 'स्पिट्झर' २००३ मध्ये, जपानचा 'आकारी' २००६ मध्ये आणि युरोपची 'हर्शेल' २००९ मध्ये अवकाशात गेली. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब ही या मालिकेतील सर्वांत मोठी. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षट्कोनी तुकड्यांचा. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, टेनिसच्या मैदानाएवढ्या छत्रीच्या सावलीत ती काम करते.

वर्णपट काय सांगतो?

छायाचित्र आकार दाखवते. वर्णपट स्वभाव सांगतो. प्रकाश त्याच्या लहरींच्या लांबीनुसार विलग केला की त्यात ठरावीक जागी उजळ वा काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. चादरीची वीण पाहून ती कोणत्या मागावरची, हे जाणता विणकर जसे ओळखतो, तसे या रेघांवरून खगोलशास्त्रज्ञ दूरच्या दीर्घिकेत काय चालले आहे, हे वाचतात.

त्यातील काही रेघा ताऱ्यांच्या जन्माच्या थेट साक्षीदार आहेत. निऑन वायूची एक रेघ १२.८ मायक्रॉनला येते, दुसरी १५.६ मायक्रॉनला. दुसरी रेघ पहिलीच्या तुलनेत जितकी ठळक, तितके तेथील तारे अधिक तप्त, अधिक वजनदार आणि म्हणून अधिक तरुण; कारण वजनदार तारे अल्पायुषी असतात, ते दिसणे म्हणजे तेथे नुकताच जन्मसोहळा झाला असणे. ६.२, ७.७ आणि ११.३ मायक्रॉनला रुंद उंचवटे दिसतात, ते कार्बनच्या मोठ्या रेणूंचे. चुलीच्या काजळीत आणि वाहनांच्या धुरात आढळणाऱ्या रेणूंचेच हे भाऊबंद. तरुण ताऱ्यांच्या प्रकाशाने ते उत्तेजित होतात आणि तारकानिर्मिती चालू असल्याची वर्दी देतात. निऑनचीच आणखी एक रेघ १४.३ मायक्रॉनला येते. ती उमटायला लागणारी प्रखर ऊर्जा सामान्य ताऱ्यांकडे नसते. ती दिसली तर दीर्घिकेच्या केंद्रात वायू गिळणारे कृष्णविवर आहे, असे समजावे. एखादी दीर्घिका लखलखते आहे ती नव्या ताऱ्यांमुळे की कृष्णविवरामुळे, हा वाद छायाचित्र सोडवू शकत नाही, वर्णपट सोडवतो. 'स्पिट्झर'वरील वर्णपटमापकाने हा निवाडा असंख्य दीर्घिकांबाबत केला, आणि जेम्स वेब आता तो फार दूरच्या दीर्घिकांपर्यंत नेत आहे.

हैदराबादच्या फुग्यावरील दुर्बीण ज्या रेघेचा माग काढत होती, ती आयनीभूत कार्बनची, सुमारे १५८ मायक्रॉनची. या रेघेचे महत्त्व मोठे आहे. वायूचा मेघ आकसून तारा बनायचा तर त्याने आपली उष्णता बाहेर टाकली पाहिजे, आणि तरुण ताऱ्यांच्या आसपासचा वायू ही उष्णता मुख्यत्वे ज्या वाटांनी बाहेर टाकतो, त्यांतील एक प्रमुख वाट म्हणजे ही रेघ. आपल्याच आकाशगंगेतील मेघांत ती मोजून तिची भाषा शिकावी आणि मग त्या भाषेत दूरच्या दीर्घिका वाचाव्यात, असा हा क्रम आहे. भारताने त्या भाषेची मुळाक्षरे स्वतःच्या यंत्राने गिरवली होती.

अलकनंदेचा शोध

आता पुण्यातील शोधाकडे वळू. अलकनंदेचा प्रकाश तेथून निघाला तो सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी. त्या वेळी विश्वाचे वय केवळ दीड अब्ज वर्षे, म्हणजे आजच्या वयाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होते. एवढ्या कोवळ्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड, विस्कळीत असाव्यात; रेखीव सर्पिल बाहू तयार व्हायला अब्जावधी वर्षे लागावीत, असा समज होता. अलकनंदेला मात्र मध्यभागी तेजस्वी गाभा आणि त्याभोवती वळण घेणारे दोन सममित बाहू आहेत. तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, तिच्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे १० अब्ज सूर्यांएवढे. दरवर्षी सुमारे ६० सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे तिच्यात जन्मत होते. आपल्या आकाशगंगेचा आजचा वेग पाहता हा किमान २० पट वेग झाला. दीर्घिका एवढ्या लवकर एवढी सुघड कशी झाली, हे सांगताना जुन्या सिद्धांतांना आता पुनर्विचार करावा लागेल.

या शोधाची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. 'एबेल २७४४' नावाचा दीर्घिकांचा एक प्रचंड समूह अलकनंदेच्या आणि आपल्या मध्ये आहे. त्याचे गुरुत्व भिंगासारखे काम करते आणि मागच्या दीर्घिका मोठ्या व उजळ दिसतात. जेम्स वेबने या भागाची २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून छायाचित्रे घेतली आणि ती साऱ्या जगाला खुली केली. दुर्बीण मागण्यासाठी पुण्याच्या संशोधकांना कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. जे साऱ्यांपुढे उघडे पडले होते, त्यात त्यांनी इतरांना न दिसलेले पाहिले. हजारो ठिपक्यांतून हा एक ठिपका वेगळा काढण्यासाठी लागली ती तयार नजर आणि चिकाटी.

नावामागेही विचार आहे. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात, आणि अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी. देवप्रयागला भागीरथीला मिळून गंगा होणाऱ्या या नदीचे नाव आता जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या बोलण्यात येईल. ज्याने शोधले त्याला नाव ठेवण्याचा मान, हा सरळ व्यवहार आहे. आपल्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते, असे सभेत सांगून हा मान मिळत नाही; तो कामाने मिळतो, हा या नावाचा खरा धडा.

उसनी दृष्टी

परंतु अलकनंदेची कथा येथे संपत नाही. तिची तबकडी खरोखर शांतपणे फिरते आहे की तिच्यात खळबळ आहे, तिचे बाहू टिकाऊ आहेत की एखाद्या शेजारी दीर्घिकेच्या धक्क्याने तात्पुरते उमटले आहेत, हे छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी तिच्या वेगवेगळ्या भागांचा वर्णपट घ्यावा लागेल. जो भाग आपल्याकडे येतो त्याच्या रेघा निळ्या बाजूला किंचित सरकतात, जो दूर जातो त्याच्या तांबड्या बाजूला. त्यावरून फिरण्याचा नकाशा तयार होतो. हे काम जेम्स वेबचा वर्णपटमापक करू शकेल, किंवा चिली देशातील 'अल्मा' ही दुर्बीण-मालिका करू शकेल.

आणि येथे एक विलक्षण योग जुळून येतो. विश्वाच्या प्रसरणामुळे अलकनंदेच्या प्रकाशाची लहर वाटेत पाचपट ताणली गेली आहे. यालाच ताम्रसृती म्हणतात. कार्बनची १५८ मायक्रॉनची तीच रेघ, जी हैदराबादेतून उडालेल्या दुर्बिणीने आपल्या आकाशगंगेत टिपली होती, ती अलकनंदेकडून येताना सुमारे ८०० मायक्रॉनची होऊन येते आणि नेमकी 'अल्मा'च्या आवाक्यात पडते. जी मुळाक्षरे आपण स्वतःच्या यंत्राने गिरवली, त्यांनी लिहिलेले पत्र वाचण्यासाठी आता दुसऱ्याचा चष्मा मागावा लागणार. जेम्स वेबचा वेळ कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ मागू शकतो, प्रस्तावांची पारख नावे झाकून होते, हे खरे आणि प्रशंसनीय. पण मागणी उपलब्ध वेळेच्या अनेक पट असते. दाता उदार असला, तरी याचकाला आपल्या संशोधनाची दिशा स्वतः ठरवता येत नाही.

स्वतःचे यंत्र असले की काय घडते, हे सांगायला दूर जाण्याचे कारण नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पोलादी दोरांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची ती रचना भारतीय हवामानाला आणि भारतीय खिशाला साजेशी होती. २०२० मध्ये याच दुर्बिणीने आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतील हायड्रोजन मोजला. तारे घडवण्याचा हा कच्चा माल त्या वेळच्या वेगाने एक-दोन अब्ज वर्षांत संपणार होता, असे दिसून आले. विश्वातील तारकानिर्मिती पुढे का मंदावली, याचा एक धागा त्यामुळे हाती लागला. त्याच वर्षी पुण्याच्या आयुकातील कनक साहा यांच्या चमूने 'अ‍ॅस्ट्रोसॅट' या भारतीय उपग्रहाच्या साहाय्याने ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून येणारा अतितीव्र अतिनील प्रकाश टिपला. त्या उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीचा आरसा अवघा ३८ सेंटिमीटरचा होता आणि ती कॅनडाच्या सहकार्याने तयार झाली होती. स्वदेशी म्हणजे कवाडे बंद करणे नव्हे. सहकार्य करताना आपलीही काही पुंजी टेबलावर ठेवता येणे, हा स्वदेशीचा अर्थ आहे.

रेडिओत आपण उभे आहोत, अतिनीलात उभे आहोत. ताऱ्यांचा जन्म ज्या प्रकाशात उघड दिसतो, त्या अवरक्तात अवकाशात आपली एकही दुर्बीण नाही. लडाखमधील हानले येथे आणि नैनितालजवळच्या देवस्थळ येथे टाटा संस्थेने बनवलेले अवरक्त वर्णपटमापक काम करतात. पण जमिनीवरच्या दुर्बिणीला बाष्पाने ठेवलेल्या काही खिडक्यांतूनच पाहता येते. लहान उपग्रहावर बसेल अशा अवरक्त वर्णपट-सर्वेक्षणाचा आराखडा टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० च्या सुमारासच मांडला होता. तो अद्याप अवकाशात पोहोचलेला नाही. दरम्यान मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने 'स्फीरेक्स' हा उपग्रह सोडला. तो सबंध आकाशाचे अवरक्त वर्णपट घेतो आणि त्याच्या दुर्बिणीचा व्यास केवळ २० सेंटिमीटर आहे.

हे आकडे नीट पाहिले पाहिजेत. जेम्स वेबला सुमारे १० अब्ज डॉलर लागले, हे ऐकून आपण हात जोडतो. पण 'स्पिट्झर'चा आरसा ८५ सेंटिमीटरचा होता, 'आकारी'चा सुमारे ६८ सेंटिमीटरचा. हैदराबादच्या फुग्याला बांधलेली आपली दुर्बीण या दोन्हींपेक्षा मोठी होती. उणीव आरशाची नाही. उणीव आहे दोन गोष्टींची : अतिशय थंड तापमान दीर्घकाळ टिकवणारे शीततंत्र आणि अवरक्त संवेदक. असे उत्तम संवेदक जगात मोजकेच देश बनवतात आणि त्यांच्या निर्यातीवर निर्बंध असतात. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या दडपणामुळे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देणे थांबवले. जानेवारी २०१४ मध्ये स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही यशस्वीपणे उडाले. मध्ये गेलेली दोन दशके ही नकाराची किंमत होती. संवेदकांच्या बाबतीत तीच वाट पाहत बसायचे काय?

पाणी की तारे?

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. ज्या सोलापूर शहरात नळाला दिवसाआड नव्हे, तर काही दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे, जेथे शेतकरी आभाळाकडे पाहतो तो ढगासाठी, तेथे १२ अब्ज वर्षांपूर्वीच्या ताऱ्यांची काय मातब्बरी? हा प्रश्न विचारणारा अडाणी नाही. तो घरातली घागर पाहून बोलतो आहे. त्याला 'ज्ञानासाठी ज्ञान' एवढे उत्तर देऊन भागणार नाही.

त्याला द्यायचे उत्तर सोलापूरच्याच आभाळात आहे. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ढगांच्या अभ्यासाचा आणि कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला. ढगात पाणी किती, त्याचा माथा किती थंड, बाष्प कोणत्या थरात, या प्रश्नांची उत्तरे उपग्रहावरून मिळतात ती अवरक्तातच. २०१३ मध्ये सोडलेल्या 'इन्सॅट-३डी' वरील वातावरणमापकाच्या १९ पट्ट्यांपैकी १८ अवरक्त होते. २०२४ मध्ये गेलेला 'इन्सॅट-३डीएस' हीच परंपरा पुढे चालवतो. दूरच्या दीर्घिकेतील निऑन ओळखणारे शास्त्र आणि सोलापूरवरच्या ढगातील बाष्प मोजणारे शास्त्र एकाच कुळातले आहे. जे बाष्प खगोलशास्त्रज्ञाला अडथळा वाटते, तेच हवामानशास्त्रज्ञाचे मोजमापाचे साधन. क्षीण दीर्घिका पाहण्याइतका तल्लख संवेदक ज्या देशाला बनवता येतो, त्याला ढग, पीक, जंगलातील वणवा आणि सीमेवरची हालचाल पाहण्यासाठी इतरांकडे हात पसरावा लागत नाही. तारे पाहण्याचा खर्च हा पाण्यातून काढलेला वाटा आहे, ही समजूत म्हणून चुकीची आहे. नळाच्या पाण्याचा प्रश्न जलवाहिन्यांचा आणि कारभाराचा आहे. तो दुर्बीण न बांधल्याने सुटलेला नाही.

सोलापूरने काय करावे?

दिल्लीने आणि बंगळुरूने काय करावे, हे सांगणे सोपे. अवरक्त वर्णपटाचा एक लहान उपग्रह ठराविक मुदतीत सोडण्याचा निर्णय व्हावा, संवेदकांसाठी देशात स्वतंत्र कार्यक्रम असावा, हे तर झालेच. पण निर्णय माणसांच्या बळावर होतात, आणि माणसे घडतात ती जिल्ह्याच्या महाविद्यालयांत. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकाची घडी बसवली ती याच जाणिवेने. खगोलशास्त्र मूठभर श्रेष्ठ संस्थांच्या भिंतींत अडकू नये, विद्यापीठांतील प्राध्यापक-विद्यार्थ्यांना ते खुले व्हावे, यासाठी ती संस्था आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सभा पुष्कळ झाल्या. त्यांनी उघडलेल्या दारातून आत जाणारे किती, हा हिशेब मात्र प्रत्येक गावाने आपापला मांडायचा आहे.

सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. दयानंद, वालचंद, संगमेश्वर यांसारखी जुनी महाविद्यालये आहेत. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. अलकनंदा ज्या माहितीत सापडली, ती माहिती पुण्यातल्या संगणकावर जेवढी उपलब्ध आहे तेवढीच सोलापुरातल्या संगणकावरही आहे. जेम्स वेबची बहुतेक निरीक्षणे लगेच किंवा साधारण वर्षभरानंतर सर्वांसाठी खुली होतात; छायाचित्रांबरोबर वर्णपटही. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एका दीर्घिकेचा वर्णपट उतरवून घेऊन त्यातील हायड्रोजनची रेघ किती सरकली आहे, हे मोजता येईल. ०.६५६ मायक्रॉनची रेघ ३.३ मायक्रॉनला सापडली, म्हणजे प्रकाश पाचपट ताणला गेला, हे गणित आठवीच्या त्रैराशिकापेक्षा कठीण नाही. हे काम प्रयोगवहीतील एक प्रयोग म्हणून का होऊ नये? त्यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक उत्साही प्राध्यापक, चार विद्यार्थी आणि एक वर्षाची चिकाटी लागते.

आणि सारेच काम संगणकावरचे नाही. यंत्र बनवणारे हातही हवेत. भास्कराचार्यांच्या 'गोलाध्याया'त यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे, हे आपण विसरतो. आकाशाविषयी बोलायचे तर आकाश मोजण्याचे साधन कसे बनवावे, हेही सांगितले पाहिजे, ही त्या ग्रंथाची शिस्त होती. सवाई जयसिंहांनी ती शिस्त दगडात उभारली. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी केवळ श्लोकांचा अभिमान बाळगून यंत्राध्यायाकडे पाठ फिरवावी, हे शोभणारे नाही. यंत्रमाग उघडून दुरुस्त करणाऱ्या, रंगाच्या छटेत तसूभर फरक पडला तर ओळखणाऱ्या कारागिरांच्या या नगरीत हाताची बुद्धी कमी नाही. तिला प्रयोगशाळेची वाट दाखवणारे कोणी हवे.

मुलांच्या पालकांनाही एक गोष्ट सांगावीशी आहे. विज्ञान शाखा म्हणजे वैद्यकीय वा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा दरवाजा, ही समजूत मध्यमवर्गात पक्की झाली आहे. मुलगी भौतिकशास्त्र घेते म्हटले की आईवडिलांच्या कपाळावर आठी पडते. राशी जैन या अलकनंदा शोधताना पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. कोणत्या तरी घराने 'तारे पाहून पोट भरते का' असे न म्हणता आपल्या मुलीला त्या वाटेने जाऊ दिले, म्हणूनच आज एका दूरस्थ दीर्घिकेला हिमालयातील नदीचे नाव आहे. ज्या घरांत सायंकाळी शुभंकरोती होते, त्या घरांत रात्री मुलांना गच्चीवर नेऊन आकाश दाखवण्याची प्रथाही पडायला हवी. कृत्तिकांचा पुंजका दाखवून सांगावे की हे तारे सूर्याच्या मानाने अगदी बाळ आहेत. मृगाच्या पट्ट्याखाली जो धूसर ठिपका दिसतो, तेथे याही क्षणी तारे घडत आहेत.

हैदराबादचे फुगे पुढेही उडतील आणि सूचना पुढेही निघतील. एखाद्या सकाळी अक्कलकोटकडच्या वा बार्शीकडच्या शेतात रंगीत पॅराशूटसह एखादी पेटी उतरलीच, तर तिला हात लावू नये, ही सूचना गावाने पाळलीच पाहिजे. परंतु त्या पेटीत काय होते, ती कशासाठी वर गेली होती, तिने काय पाहिले, हे गावच्या शाळेत समजावून सांगायला कोणाचीही मनाई नाही. पेटी पोलिसांच्या स्वाधीन होईल; तिच्याविषयीचे कुतूहल मात्र एखाद्या मुलाच्या मनात राहावे. आपली दुर्बीण अवकाशात जाईल, तेव्हा तिचा संवेदक त्या मुलाने बनवलेला असावा.